कोरकामासाठी कमी आवाजाचा लहान कॉम्प्रेसर: नाशिकच्या फ्लॅटमध्ये कोणता चालेल?

भांडी बाजारात तांब्या-पेल्यावर नाव टाकायला जे विजेचं पेन वापरतात, ते नुसत्या कंपनावर चालतं. त्याला हवा लागत नाही. पितळेच्या तबकावर किंवा चांदीच्या डबीवर वेलबुट्टी उठवायची आणि प्रत्येक ठोक्यावर ताबा ठेवायचा, तर हवेवर चालणारा हँडपीस लागतो. त्यात आत एक छोटा पिस्टन पुढेमागे होऊन कोरणीच्या बुडावर ठोके देतो. हँडपीस आला की कॉम्प्रेसर आलाच. गंमत अशी की हँडपीस महिनाभर पारखून घेतला जातो आणि कॉम्प्रेसर दुकानात जो समोर असेल तो उचलला जातो. पुढचा सगळा त्रास इथून सुरू होतो.

आमची निवड आधीच सांगतो. फ्लॅटमध्ये किंवा रो-हाऊसच्या एका खोलीत बसून छंद म्हणून कोरकाम करायचं असेल, तर मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या मोटरचा, बिनतेलाचा, ५५० ते ७५० वॅटचा, २४ लिटरच्या आसपास टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्या. बाजारात तो ‘सायलेंट ऑइल-फ्री’ या नावाने मिळतो. दंतवैद्यांच्या दवाखान्यात खुर्चीशेजारी किंवा बाल्कनीत जो ठेवलेला असतो, तो याच कुळातला. खाली जे लिहिलं आहे ते मुख्यतः हाच का, आणि त्या नावाखाली विकली जाणारी चुकीची यंत्रं कशी ओळखायची, याबद्दल आहे.

हवा किती लागते

ठोक्याच्या हँडपीसला दाब फार लागत नाही. हँडपीसपाशी काम ५ ते २० पीएसआयमध्ये चालतं, आणि नियंत्रण-पेटीला (हँडपीसला मोजून हवा सोडणारी पेटी) मागून साधारण ४० ते ६० पीएसआय, म्हणजे ३ ते ४ बार दिले की ती खूश असते. हवेचं प्रमाणही मोठं नाही: अर्धा ते एक सीएफएम, म्हणजे मिनिटाला १४ ते २८ लिटर. तुमच्या हँडपीसच्या पत्रकात जो आकडा असेल तो अंतिम धरा. पुढच्या हिशेबासाठी आम्ही २० लिटर धरतो.

दातांच्या एअरोटरसारखा, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारा टर्बाइन हँडपीस असेल तर गोष्ट बदलते. काच, शिंपला, कडक पोलाद यांवर काम करणारे तो वापरतात. त्याला मिनिटाला ३५ ते ५० लिटर सतत लागतात, कारण तो ठोके देत नाही, अखंड फिरतो. त्याच्यासाठी दोन डोक्यांचा, म्हणजे दोन सिलिंडरचा, सव्वा ते दीड एचपीचा पंप बघावा लागतो. दोन्ही हँडपीस घ्यायचा विचार असेल तर कॉम्प्रेसर टर्बाइनच्या हिशेबानेच घ्या.

पाटीवरचा आकडा आणि खरी हवा

दुकानदार एचपी आणि टाकीचे लिटर सांगतो. या दोन्हींवरून काहीच कळत नाही. विचारायचा प्रश्न एकच: ‘७ बारला एफएडी किती?’ एफएडी म्हणजे त्या दाबावर पंप प्रत्यक्षात किती हवा बाहेर देतो ते. पाटीवर बहुतेक वेळा पिस्टनचं विस्थापन छापलेलं असतं. सिलिंडर किती हवा ओढू शकतो, एवढंच त्यातून समजतं. दाब चढला की डोक्यातल्या मोकळ्या जागेत राहिलेली हवा पुन्हा फुगते, पट्टीच्या झडपा थोडी हवा गळू देतात, डोकं तापतं, आणि ७ बारला हातात छापलेल्या आकड्याच्या निम्मं ते दोन-तृतीयांश पडतं. १२० लिटर छापलेला एक डोक्याचा पंप ६० ते ७० लिटर देत असेल तर तो चांगला आहे.

दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर तिथेच मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. बाहेरचा कॉक बंद करा, यंत्र चालू करा, गेजचा काटा ५ बारवर आला की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा आणि ७ वर आला की थांबवा. टाकीचे लिटर गुणिले २, भागिले मिनिटं. २४ लिटरच्या टाकीला ५० सेकंद लागले तर ४८ भागिले ०.८३, म्हणजे सुमारे ५८ लिटर. टाकीतली हवा गरम असल्यामुळे हा आकडा किंचित जास्त दिसतो, हे लक्षात ठेवा. शून्यापासून मोजू नका. सुरुवातीला पंप मोकळा पळतो आणि सरासरी फुगून येते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ, म्हणून तोच पंप इथे तेवढा कमी भरतो. मुंबईच्या दुकानदाराने सांगितलेला आकडा इथे तंतोतंत मिळत नाही याचं हेही एक कारण. काठावरचं यंत्र घेऊ नका, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ.

टाकी मोठी घेतली की पंप कमी चालतो का?

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. पंप किती टक्के वेळ चालणार हे फक्त दोन आकड्यांवर ठरतं: तुम्ही किती हवा वापरता आणि पंप किती देतो. वापर २०, पंप ६०, तर पंप एक-तृतीयांश वेळ चालणार. टाकी १० लिटरची असो की १०० लिटरची.

टाकी ठरवते ते मोटर किती वेळा चालू-बंद होणार. २४ लिटरची टाकी ७ बारला थांबते आणि ४.५ बारला पुन्हा सुरू होते असं धरा. मधल्या २.५ बारमध्ये ६० लिटर हवा आहे. २० लिटरने वापरली तर ३ मिनिटं शांतता. मग पंप सुरू होतो, ६० देतो, त्यातले २० तुम्ही वापरता, ४० टाकीत जातात, दीड मिनिटात टाकी भरते. तीन मिनिटं शांत, दीड मिनिट आवाज. ५० लिटरची टाकी घेतली तर सव्वासहा मिनिटं शांत आणि तीन मिनिटांहून थोडा जास्त आवाज. आवाजाचा वाटा तेवढाच, फक्त लांब तुकड्यांत. काहींना लांब शांतता बरी वाटते, कारण एक पाकळी पूर्ण होईपर्यंत लय मोडत नाही. पण त्यासाठी फ्लॅटमध्ये ५० लिटरचं धूड ठेवण्याइतका फायदा नाही.

बिनतेलाच्या पंपाला सलग धावणं मानवत नाही. त्याचा पिस्टन टेफ्लॉनच्या कपावर घासत चालतो, तेल नाही, त्यामुळे उष्णता फक्त डोक्याच्या पंखांतून आणि वाऱ्याने जाते. निम्म्यापेक्षा कमी वेळ चालला तर कप वर्षानुवर्षं टिकतो. कायम चालत राहिला तर कप लवकर झिजतो आणि उन्हाळ्यात थर्मल ओव्हरलोड मोटर मध्येच थांबवतो. म्हणून आमचा नियम: खरी एफएडी वापराच्या किमान दुप्पट, जमल्यास तिप्पट.

आवाज कुठून येतो

मोठा फरक फेऱ्यांनी पडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २८०० फेरे घेते, चार पोलची १४००. टायरच्या आणि सुताराच्या दुकानात जो कानठळ्या बसवणारा छोटा लाल कॉम्प्रेसर दिसतो तो २८०० वाला. फेरे निम्मे झाले की झडपांची आदळआपट, हवा ओढण्याचे धक्के, पंख्याचा सुसाट आवाज सगळंच उतरतं. ‘सायलेंट’ हे स्टिकर कशावरही लावतात. तुम्ही मोटरच्या पाटीवरचा आरपीएम वाचा. तिथे २८०० किंवा २८५० असेल तर स्टिकरकडे लक्ष देऊ नका.

डेसिबलच्या आकड्यापुढे अंतर लिहिलंय का तेही बघा. ७ मीटरवर मोजलेले ६० डेसिबल मोकळ्या जागेत १ मीटरवर ७७ होतात. त्यातही १० डेसिबलचा फरक कानाला जवळपास दुप्पट वाटतो. मोबाइलमधलं ॲप अचूक नसलं तरी दोन यंत्रं शेजारी ठेवून तुलना करायला पुरेसं आहे: १ मीटर अंतर, टाकी ६ बारच्या वर, कारण रिकाम्या टाकीवर प्रत्येक पंप गरीब वाटतो. १ मीटरवर ६० ते ६५ येत असेल तर खोलीचं दार लावून तो बाहेर फारसा जाणवत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. रात्री जेवणानंतर कोरायला बसणाऱ्यांनी दुसरा आकडा लक्षात ठेवावा.

बाजारातले प्रकार, एकेक करून

एअरब्रशचा छोटा कॉम्प्रेसर, ३ लिटरच्या टाकीचा, एएस-१८६ या क्रमांकाने ओळखला जाणारा. रंगकाम करणाऱ्यांकडे हमखास असतो, हातात उचलून नेता येतो, आवाज खरोखर कमी. पाटीवर मिनिटाला २०-२५ लिटर, तेही बिनदाबाचे. तो ३ बारला सुरू होतो आणि ४ ला थांबतो, म्हणजे टाकीत वापरण्याजोगी हवा ३ लिटर. २० लिटरच्या वापराला ती ९ सेकंद पुरते, आणि नंतर पंप थांबतच नाही. अर्ध्या तासात डोक्याला बोट लावता येत नाही. बारीक रेघा, छायेचे ठिपके, दिवसाला वीस मिनिटं काम, एवढ्यावर भागत असेल आणि तुमचा हँडपीस ८-१० लिटरवर चालणारा असेल तर चालेल. पितळेत खोल कोरायला हा घेऊ नका. टाकीविना मिळणारा त्याचा धाकटा भाऊ तर अजिबात नको. त्याच्या पिस्टनचे धक्के थेट हँडपीसपर्यंत पोचतात आणि ठोके एकसारखे पडत नाहीत.

२४ ते ३० लिटरचा १४०० फेऱ्यांचा बिनतेलाचा. ही आमची निवड. वजन २० किलोच्या आसपास, सोळा ॲम्पिअरच्या सॉकेटवर चालतो, किंमत साधारण दहा-पंधरा हजारांच्या पट्ट्यात. दंतवैद्यकीय म्हणून विकला जाणारा पंप महाग असतो. त्यात टाकीला आतून लेप असतो का आणि पंपाचे सुटे भाग मिळतात का, हे विचारा. या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर जास्तीचे पैसे योग्य आहेत. नसेल तर तुम्ही फक्त पांढऱ्या रंगाचे पैसे देताय. उणिवाही सांगायला हव्यात: स्वस्त यंत्रांवरचा रेग्युलेटर ढोबळ असतो, पाणी काढायचा स्क्रू टाकीच्या पोटाखाली अशा ठिकाणी असतो की रोज वाकून कोणी तो उघडत नाही, आणि रबराचे पाय कडक असतात. तिन्ही गोष्टी थोडक्या पैशांत सुधारता येतात.

५० लिटरचा, तेलाचा, २८०० फेऱ्यांचा. हवा भरपूर, भाव कमी, सुटे भाग गल्लोगल्ली. पण आवाज ८५-९० डेसिबलच्या घरात, आणि हवेत तेलाची वाफ. बंगला असेल, गच्चीवर किंवा मागच्या शेडमध्ये ठेवून १५ मीटर पाइपने हवा खाली आणता येत असेल, तर विचार करा. ८ मिलीमीटरच्या पीयू पाइपमधून २० लिटरला एवढ्या अंतरात दाबाची घट नगण्य असते. तेल अडवायला कोअलेसिंग फिल्टर मात्र सक्तीचा. हँडपीसच्या पिस्टनवर तेलाचा थर बसला की तो चिकटतो. सुरुवातीला ठोका लागत नाही आणि मग एकदम जोरात लागतो. याच कारणासाठी एफआरएलचा (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) संच घेताना शेवटचा ‘एल’, म्हणजे लुब्रिकेटर, घेऊ नका. फिल्टर आणि रेग्युलेटर पुरे.

फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर बांधलेली यंत्रं. परदेशी बनावटीची, उदाहरणार्थ मूळच्या डेन्मार्कच्या जून-एअरची, अत्यंत शांत असतात, ४५ डेसिबलच्या आसपास, फ्रिजइतकीच. पण किंमत छंदाच्या पलीकडची. तेच घरी बनवायचं म्हणून भंगारातला फ्रिजचा कॉम्प्रेसर आणणारे पुष्कळ आहेत. तिथे तीन अडचणी येतात. आर-१३४ए वायूच्या कॉम्प्रेसरमधलं पीओई तेल हवेतला ओलावा शोषतं, पावसाळ्याची हवा ओढून ते लवकर खराब होतं. घरगुती फ्रिजची मोटर दाबाविरुद्ध सुरू व्हायला बनवलेलीच नसते. टाकीत ४ बार असताना ती नुसती घुरघुरते आणि रिले तापतो. तिसरी अडचण, नवीन फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेतो. त्याची नळी घरात कापायची नसते. दाबमर्यादेचा व्हॉल्व्ह, एनआरव्ही (टाकीतली हवा उलटी येऊ न देणारी झडप), तेल पकडणारा सापळा हे सगळं बसवेपर्यंत खर्च वरच्या २४ लिटरवाल्याच्या जवळ जातो.

व्हिडिओ बघून अमेरिकेतून मागवायचा विचार असेल तर थांबा. कोरकाम करणाऱ्यांत कॅलिफोर्निया एअर टूल्सचा १पी१०६०एस लोकप्रिय आहे: १ गॅलन म्हणजे ३.८ लिटर टाकी, ५६ डेसिबल, ९० पीएसआयला १.२ सीएफएम, म्हणजे ३४ लिटर. चांगलं यंत्र आहे. पण ते ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट जुळतात, हर्ट्झ जुळत नाही. ५० हर्ट्झवर फेरे एक-षष्ठांश कमी होतात, हवा २८ लिटरवर येते, मोटर जास्त तापते आणि २० लिटरच्या वापराला पंप ७० टक्के वेळ चालू राहतो.

पाणी: नाशिकचा खरा प्रश्न

जुलैत नाशिकला हवेत २६ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असेल तर प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २० ग्रॅम पाणी असतं. ती हवा ७ बारला दाबली की आकार एक-अष्टमांश होतो, आणि तेवढ्याशा जागेत जेमतेम ४ ग्रॅम वाफ राहू शकते. बाकीचं टाकीच्या तळाशी उतरतं. मिनिटाला २० लिटर म्हणजे तासाला १.२ घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे २० ग्रॅम पाणी. चार तास बसलात तर कटिंग चहाचा ग्लास भरतो. उलट एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेत जवळपास काहीच साचत नाही. म्हणूनच उन्हाळ्यात घेतलेलं यंत्र श्रावणात ‘बिघडतं’. यंत्र तेच असतं, हवा बदललेली असते.

उपाय क्रमाने करायचे. पोटाखालचा स्क्रू काढून तिथे पाव इंची एल्बो, वीतभर नळी आणि बॉल व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पायाने उघडता येतो. काम संपलं की टाकीत २ बार राहिलेले असताना उघडा. दाबाने पाणी जोरात निघतं, निपटून निघतं. दुसरं, फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावू नका. तिथे हवा गरम असते, पाणी अजून वाफेच्या रूपात असतं आणि फिल्टरमधून सहज निघून जातं. पुढे पाइपात थंड झालं की थेंब बनतात आणि ते हँडपीसमध्ये पोचतात. टाकीनंतर ३-४ मीटर पाइप भिंतीवरून फिरवून, थंड झालेल्या टोकाला ५ मायक्रॉनचा फिल्टर, त्यानंतर रेग्युलेटर. हा क्रम उलटा करू नका. टाकीत ७ बारला संपृक्त असलेली हवा रेग्युलेटर आणि नियंत्रण-पेटीतून दीड बारवर आली की तिची आर्द्रता आपोआप तीस टक्क्यांवर उतरते. टाकीचा दाब जास्त ठेवणं हेच फुकटचं कोरडं करण्याचं साधन आहे, आणि ४ बारवर थांबणारी एअरब्रशची यंत्रं इथेही कमी पडतात.

फिल्टर आणि रेग्युलेटरमध्ये कंजुषी नको. जनॅटिक्स, एसएमसी, फेस्टो यांचे पाव इंची संच मिळतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये न्यूमॅटिक फिटिंग सुटं, मोजून, एकेक नग मिळतं. लहान शहरातल्या छंदी माणसाला हे सुख नसतं. रेग्युलेटर ० ते १० बारचा न घेता ० ते ४ बारचा घ्या. कोरकामात अर्ध्या बारचा फरक हाताला कळतो, आणि १० बारच्या गेजवर काटा तेवढ्याने थोडासाच सरकतो. पाणी किंवा हवा कशासाठीही पांढरा पीव्हीसी पाइप हाताशी असतो, पण दाबाच्या हवेला तो वापरू नका. तो फाटत नाही, फुटून तुकडे उडतात.

बसवताना

हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा स्लॅबमधून जाणारा हादरा शेजाऱ्यांना जास्त छळतो. खाली १२ मिलीमीटरचं मऊ रबर, त्यावर कडप्प्याचा दोन फुटी तुकडा, त्यावर पुन्हा रबर, मग कॉम्प्रेसर. कडप्प्याचं वजन हादरा गिळतं. भिंतीला काही टेकू देऊ नका, टाकीतून निघणारा पहिला हातभर पाइप लवचीक ठेवा. सराफ बाजार-भांडी बाजाराच्या बाजूला तळमजल्यावर काम असेल तर यंत्र जमिनीवर ठेवूच नका. गोदावरीला पूर आला की पाणी तिथवर येतं हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

पंपाचा उरलेला बराच आवाज हवा ओढण्याच्या तोंडाशी असतो. तिथला छोटा प्लास्टिकचा फिल्टर काढून १२ ते १५ मिलीमीटर आतल्या व्यासाची मीटरभर रबरी नळी जोडा आणि फिल्टर तिच्या दुसऱ्या टोकाला लावा. धपधप लगेच मवाळ होते. नळी बारीक घेतली तर पंप गुदमरतो.

पेटीत बंद करायचा मोह होतो. ७५० वॅटचा पंप एक-तृतीयांश वेळ चालला तर सरासरी २५० वॅट उष्णता पेटीत साठते. ती काढायला संगणकाचा १२० मिलीमीटरचा एक पंखा कमी पडतो, दोन लावा. हवेची वाट सरळ न ठेवता नागमोडी करा, आतून रॉकवूल लावा. कपाटात कोंबून दार लावणं म्हणजे कप आणि मोटर दोन्हींचा घात.

वायर लांब करण्यापेक्षा पाइप लांब करा. सुरू होताना मोटर नेहमीच्या चार ते सहा पट करंट ओढते. दहा मीटरच्या बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं आणि मोटर उठत नाही. घरगुती इन्व्हर्टरवर चालवायचा प्रयत्न करू नका.

बिघाड ओळखायचे कसे

मोटर थांबताना ‘फुस्स’ असा अर्ध्या सेकंदाचा आवाज यायला हवा. पंपाच्या डोक्यातली अडकलेली हवा प्रेशर स्विचखालची पिन सोडते तो हा आवाज. तो आला नाही तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध उठायचा प्रयत्न करते, घुरघुरते आणि एमसीबी पडते. लोक कपॅसिटर बदलतात, मग मोटर दाखवायला नेतात, आणि दोष असतो त्या पिनेत अडकलेल्या धुळीचा. याउलट, थांबल्यानंतर फुसफुस चालूच राहिली तर एनआरव्ही गळतोय, टाकीतली हवा उलटी येतेय. टाकी पूर्ण रिकामी करून एनआरव्ही उघडा, आतली चकती पुसा, चिरली असेल तर बदला.

नव्या यंत्राची ५ ते ७ बारची वेळ टाकीवरच मार्करने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. ५० सेकंदांची ७० झाली तर आधी हवेचा फिल्टर झटका, मग डोकं उघडून पट्टीची झडप आणि कप बघा. कप आणि झडपेचा संच दुकानदाराकडे मिळतो का, हे खरेदीच्या दिवशीच विचारायचं. ‘मागवून देऊ’ हे उत्तर पुरेसं नाही, संच डोळ्याने बघा आणि एक तेव्हाच घेऊन ठेवा.

गळतीची चाचणी: टाकी भरा, स्विच बंद करा, काटा बघा. रात्रभरात १ बार उतरला तर चिंता नाही. दहा मिनिटांत १ बार उतरला तर मिनिटाला २.४ लिटर जातायत, म्हणजे तुमच्या वापराच्या बारा टक्के. साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासा. पुशफिटमध्ये (पाइप नुसता दाबून बसवायच्या जोडात) पाइप तिरका कापलेला असणं हे नेहमीचं कारण.

सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढा. हवा सुटली पाहिजे आणि सोडल्यावर बंद झाली पाहिजे.

जुना दवाखान्याचा कॉम्प्रेसर कोणी स्वस्तात देत असेल तर पंपापेक्षा टाकी आधी बघा. पंपाला नवा कप मिळतो, आतून सडलेल्या टाकीला इलाज नाही. तळाचा स्क्रू उघडून पांढऱ्या कापडावर पाणी घ्या. पिवळसर असेल तर चालतं, तपकिरी पाण्यात गंजाचे पापुद्रे असतील तर पैसे खिशातच ठेवा. टाकीवर वेल्डिंगचा ठिगळ दिसला तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.